मशीनबाईंचा पत्ता

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मशीनबाई म्हणायची. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण रंग उडून त्यातली दोनच अक्षरं उरली होती आणि तेवढ्यावरून कुणाला हाक मारता आली नसती. वय एकसष्ट. चाळीस वर्षं एकाच टेबलापाशी बसून त्या लोकांची बिघडलेली मशीनं उघडत होत्या, आणि उघडता उघडता लोकांना बोलत होत्या. "मशीनला काही झालेलं नाही, तुमच्या हाताला झालंय." "पुस्तिका वाचली होती का? नाही ना? मग?" गिऱ्हाइकं मुकाट ऐकून घ्यायची, कारण बाईंच्या हाताखालून गेलेलं मशीन पुढची दहा वर्षं कुरकुरत नसे.

पुढे जे घडलं ते आता त्या स्वतःच ज्याला त्याला सांगतात. सांगताना स्वतःला जरा जास्तच वेडं ठरवतात, असं त्यांच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं आहे. ताई टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देऊन निवृत्त झालेल्या. दोघी बहिणी दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. एकीचं तोंड कायम चालू आणि दुसरीचा कान.

सुरुवात झाली ती एका साध्या प्रश्नानं. एक शिक्षिका आपलं मशीन न्यायला आली होती. पिशवी उघडता उघडता ती म्हणाली, "बाई, तुमची वेबसाइट नाही का? कोपऱ्यावर मशीन दुरुस्तीचं नवं दुकान झालंय ना, त्यांची आहे. दुकानाच्या वेळा सगळ्या घरबसल्या कळतात."

बाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण कोपऱ्यावरच्या त्या नव्या मेकॅनिकचं नाव निघालं की बाईंच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि म्हणाल्या, "आहे की. म्हणजे होतेच आहे. या महिनाअखेरीला."

गिऱ्हाईक गेल्यावर जिन्यावरून ताईंचा आवाज आला. "धाकटे, वेबसाइट म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"कळेल. शेवटी मशीनच ना तेही."

"आणि महिना संपायला किती दिवस आहेत?"

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तेवीस होते.

गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. तिथं दर शनिवारी सकाळी ग्रंथपाल बाई फुकट वर्ग घ्यायच्या. 'आपली पहिली वेबसाइट आपणच बनवा' असा कागद दारावर कित्येक महिने चिकटवलेला होता आणि मशीनबाई तो न वाचता त्याच्यासमोरून रोज जायच्या. आता त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारी एक निवृत्त बसचालक होते. त्यांना आपल्या कबुतरांची वेबसाइट करायची होती. कबुतरं सत्तावीस आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, असं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

ग्रंथपाल बाई बारीक आवाजात बोलायच्या आणि कधीच घाईत नसायच्या. त्या म्हणाल्या, "आज कुणी काही सुंदर करायचं नाही. आपण एचटीएमएल शिकतोय, म्हणजे कॉम्प्युटरला नुसतं सांगायचं की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हे चित्र आहे. टोकदार कंसात एक शब्द लिहिला की गोष्ट सुरू. संपली की तोच शब्द पुन्हा, फक्त आधी एक तिरकी रेघ. सुरू केलेलं बंद करायचं. एवढं सांभाळलंत तर निम्मं आलं."

"म्हणजे शिवणीच्या दोन्ही टोकांना टाका पक्का करायचा," मशीनबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

झालं. या एका शाबासकीनं बाईंच्या डोक्यात हवा शिरली. पुढचा अर्धा तास त्या स्वतःचं सोडून बसचालकांनाच शिकवत बसल्या. "अहो, टाका उसवेल ना असा! बंद करा तो आधी." बसचालकांनी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत तीन ओळी लिहिल्या, पान उघडलं, आणि पडद्यावर नीट, शहाण्यासारखं आलं: माझी कबुतरं.

मग बाईंनी आपलं पान उघडलं. वरती 'शिलाई मशीन दुरुस्ती' हे शीर्षक ठळक, मोठं आलं. त्याच्याखाली 'दुकान सोमवारी बंद' हेही तेवढंच मोठं. त्याच्याखाली फोन नंबर, तोही तेवढाच. 'सुटे भाग मिळतील' यातला 'मिळतील' तर पडद्याच्या बाहेरच गेला. सगळं पान कुणीतरी गच्चीवरून ओरडावं तसं दिसत होतं.

"हे मशीन बिघडलंय," बाई म्हणाल्या. "दुसरं द्या."

ग्रंथपाल बाई वाकून बघत म्हणाल्या, "मशीनला काही झालेलं नाही."

"हाताला झालंय," बसचालक शांतपणे म्हणाले. "माझ्या बायकोला तुम्ही असंच म्हणाला होतात. सात वर्षं झाली. ती अजून विसरलेली नाही."

शीर्षक सुरू केलं होतं, बंद केलंच नव्हतं. एक तिरकी रेघ घातली आणि सगळं पान खाली बसलं. बाईही खाली बसल्या.

पण बाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. ताईंनी कधीतरी पत्ते खेळायला घेतलेला जुना कॉम्प्युटर त्यांनी दुकानात आणून ठेवला. नुसत्या वेळा आणि फोन नंबर कोण वाचणार? कोपऱ्यावरच्याकडेही तेवढंच असणार. बाईंनी ठरवलं, आपल्या पानावर हिरवं मशीन घालायचं. फार जुनं, लोखंडी, हिरव्या रंगाचं एक मशीन घरोघरी पडून होतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, पुस्तिका हरवलेल्या. त्यात दोरा ओवायचा रस्ता इतका वाकडातिकडा की लोक कंटाळून मशीनवर फुलदाणी ठेवायचे. तो रस्ता आख्ख्या भागात बाईंना एकटीला पाठ होता.

त्यांनी मशीन खिडकीपाशी ओढलं, ताईंच्या हातात कॅमेरा दिला आणि चौदा फोटो काढले. प्रत्येक फोटोखाली एकेक पायरी लिहिली. रिळापासून सुरुवात, मग वरच्या कडीतून, मग ताणाच्या दोन चकत्यांमधून, शेवटी सुई. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा बाई टाइप करायच्या. एखादा कंस राहिला की पान कोलमडायचं. बाई त्याला शिव्या द्यायच्या, मग तो कंस सापडायचा, मग शिव्या परत घ्यायच्या. एकदा एका कंसाच्या पायी त्यांनी आख्खी दुपार घालवली आणि तो कंस ताईंनी चहाचा कप ठेवता ठेवता दाखवला. हे सांगताना बाई आजही ताईंकडे बघत नाहीत.

विसाव्या दिवशी पान पुरं झालं. बाईंनी फाइलवर दोनदा टिचकी मारली आणि समोर उघडलं: शीर्षक, चौदा फोटो, चौदा पायऱ्या, सगळं जागच्या जागी. बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांचं लक्ष वरच्या पट्टीकडे गेलं. तिथं पत्ता होता.

"ताई! पत्तासुद्धा आपोआप मिळाला!"

पत्ता लांबलचक होता. फाइल, तीन तिरक्या रेघा, सी, दोन टिंबं, मग युजर्स, मग ताई (कारण कॉम्प्युटर ताईंच्या नावाचा), मग डेस्कटॉप, मग न्यू फोल्डर टू, आणि शेवटी दुकान डॉट एचटीएमएल. बाईंनी तो वहीत अक्षर न् अक्षर उतरवला आणि तडक छापखान्यात गेल्या.

छापखानेवाल्यानं वही जवळ धरली, लांब धरली. "बाई, बाकीच्यांचे पत्ते एवढाले असतात. हा जरा..."

"तुम्ही छापायचं काम करा. चूक होता कामा नये, एक टिंबही नाही."

"आणि हा न्यू फोल्डर टू म्हणजे काय?"

"तो भाग तांत्रिक आहे," बाई म्हणाल्या.

कार्डं झाली तीनशे. 'हिरव्या मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा' या ओळीखाली पत्ता तीन ओळींत मावला. बाईंनी ती गिऱ्हाइकांना वाटली, दूधवाल्याला दिली, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. महिनाअखेरीला अजून तीन दिवस होते, म्हणजे शब्द पाळला होता. त्या संध्याकाळी त्या जेवताना दोनदा स्वतःशीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षिका आली. "बाई, उघडत नाहीये हो."

"नीट टाइप केलंत का? दोन टिंबं घातलीत?"

"घातली."

"तिरक्या रेघा तीन?"

"तीन."

"मग तुमचा फोन जुना असेल. हे बघा." बाईंनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर टिचकी मारली. पान टपकन उघडलं. "दिसलं? माझ्याकडे कसं उघडतं मग?" शिक्षिका ओशाळून निघून गेली.

दूधवाल्यालाही त्यांनी असंच वाटेला लावलं. डॉक्टरांनी फोन करून विचारलं तेव्हा त्यांना, तुम्हाला स्वतःचं हस्ताक्षर वाचता येत नाही तिथं छापील काय वाचता येणार, असं ऐकवलं. ताईंनी आपल्या फोनवर तीनदा प्रयत्न केला. "धाकटे, मला काही हे बरोबर वाटत नाही. मी तीस वर्षं नंबर जोडलेत. सगळ्यांनाच लागत नसेल तर बिघाड लावणाऱ्यात नसतो."

"तू पत्ते खेळ," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी खुद्द कोपऱ्यावरचा मेकॅनिक दारात उभा राहिला. पस्तिशीचा, हाताला ग्रीस, खिशात बाईंचं कार्ड. "बाई, रागावू नका. तुमच्या हिरव्या मशीनचं पान बघायचं होतं. उघडत नाही."

बाई याच क्षणाची वाट बघत होत्या. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. "प्रत्येकाला सगळं जमलंच पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "पत्ता नीट वाचायचा, हळूहळू टाइप करायचं, आणि नाही आलं तर जाणत्या माणसाला विचारायचं. आमच्या वेळी असंच शिकायचो आम्ही." त्यानं मान डोलावली, कार्ड परत खिशात घातलं आणि तो गेला. दारातून बाहेर पडताना त्यानं 'बरं बाई' म्हटलं, ते बाईंना अजून ऐकू येतं.

शनिवारी बाई वर्गात जरा उशिरानेच गेल्या, सगळ्यांना दिसावं म्हणून. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कार्ड ठेवलं. ग्रंथपाल बाईंनी कार्ड उचललं. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"किती छापलीत?"

"तीनशे."

"वाटली किती?"

"दोनशेच्या वर गेली असतील." बाई कौतुकाची वाट बघत होत्या.

ग्रंथपाल बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसल्या. डॉक्टर वाईट बातमी सांगताना बसतात तशा. "बाई, हा पत्ता तुमच्या घरातल्या कपाटाचा आहे. कुठल्या कप्प्यात, कुठल्या डब्यात फाइल ठेवलीय, एवढंच यात लिहिलंय. तुमच्या कॉम्प्युटरला तो कळतो. बाकीचे आपापल्या घरातल्या कपाटात तोच डबा शोधत बसले असणार."

बाईंना कळायला दोन क्षण लागले. मग शिक्षिका आठवली, दूधवाला आठवला, डॉक्टर आठवले. मग 'आमच्या वेळी असंच शिकायचो आम्ही' हे वाक्य आठवलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

"म्हणजे माझी वेबसाइट..."

"टेबलावर आहे तुमच्या. छान आहे. फक्त जगात आलेली नाही अजून."

ग्रंथपाल बाई हसल्या नाहीत, हे फार जिव्हारी लागलं. बसचालकांनी मात्र रुमाल तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. "न्यू फोल्डर टू," ते रुमालातून म्हणाले. "बाई, वनमध्ये काय आहे हो?"

आणि मग काय झालं कोण जाणे, बाईंनाच हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. डॉक्टरांना जे ऐकवलं होतं ते त्यांनी वर्गाला सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं, मेकॅनिकचं सांगितलं, आणि प्रत्येक वाक्यागणिक वर्ग लोटपोट होत गेला. वाचनालयातून कुणीतरी 'शांतता पाळा' असं सांगायला आलं, तर शांतता पाळायला सांगणं हे ज्यांचं काम त्या ग्रंथपाल बाईच डोळे पुसत होत्या.

त्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांना वाचनालयातर्फे इंटरनेटवर थोडी थोडी जागा दिली. आपली फाइल तिथं चढवायची, अगदी घरूनही, की ती कुणालाही, कुठूनही दिसते. पत्ताही आटोपशीर, एका ओळीत मावणारा. बाईंनी पेन ड्राइव्हवरून आणलेलं पान फोटोंसकट चढवलं, श्वास रोखून ग्रंथपाल बाईंच्या फोनवर उघडलं. अक्षरं सगळी आली. चौदा फोटोंच्या जागी चौदा रिकाम्या चौकटी.

"मी काही बोलत नाही," मशीनबाई म्हणाल्या. "यावेळी मी आधीच सांगते, हाताला झालंय. कुठं ते तुम्ही सांगा."

कॅमेऱ्यानं फोटोंच्या नावाचं 'जेपीजी' हे शेपूट मोठ्या इंग्रजी अक्षरांत ठेवलं होतं आणि बाईंनी पानात ते लहान अक्षरांत लिहिलं होतं. घरच्या कॉम्प्युटरला लहान-मोठं चालत होतं. इथला कॉम्प्युटर काटेकोर होता. बाईंनी चौदाच्या चौदा नावं एकेक करून दुरुस्त केली. फोन पुन्हा उघडला. हिरवं मशीन दिसलं, खिडकीच्या उजेडात, आणि एका कडेला ताईंचं बोट.

बाईंनी उरलेल्या कार्डांच्या मागे नवा पत्ता हाताने लिहिला आणि गल्लीत फिरल्या. शिक्षिकेपाशी गेल्या, दूधवाल्याला थांबवलं, डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यांच्या रांगेत बसून आपला नंबर येईपर्यंत थांबल्या. शेवटी राहिलं कोपऱ्यावरचं दुकान.

"माझं चुकलं," त्या दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही बरोबर टाइप केलं होतं. पत्ताच माझा वेडा होता."

मेकॅनिकनं स्टूल पुसून पुढे केलं. "मला वाटलंच होतं. पण तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात, की घरी जाऊन मी पुन्हा दोनदा करून बघितलं." मग म्हणाला, "माझी वेबसाइटही काही मी केलेली नाही. एकाला सांगून करून घेतली. वेळा चुकीच्या पडल्यात त्यात. लोक सकाळी आठला येऊन दार वाजवतात, मी दहाला उघडतो. मला बदलता येत नाही आणि तो माणूस फोन उचलत नाही."

बाईंची छाती पुन्हा फुगायला लागली होती. त्यांनी ती वेळीच आवरली, निदान त्या तसं सांगतात. "शनिवारी सकाळी या," त्या म्हणाल्या. "पहिल्या रांगेत बसू नका. तिथं अंगाशी येतं."

पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा. पहिल्या आठवड्यात तो एक्केचाळीसवर गेला. बाईंनी तो ताईंना दाखवला. ताईंनी विचारलं, "तू दिवसातून कितीदा उघडतेस?" बाईंनी हिशेब केला आणि विषय बदलला.

मग एका दुपारी फोन वाजला. ताईंनी उचलला आणि म्हणाल्या, "लांबचा आहे. आवाजावरून कळतं." पलीकडे एक माणूस होता. गावाचं नाव बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या आईचं हिरवं मशीन होतं, आई गेल्यावर तसंच पडून होतं, त्याला मुलीसाठी पडदे शिवायचे होते. बाईंच्या पानावर बघून त्यानं दोरा ओवला होता. "पण बाई, टाके सुटतात. दर दोन-तीन टाक्यांनी एक सुटतो. पुन्हा पुन्हा बघितलं. तुमच्या पायऱ्यांप्रमाणेच केलंय."

बाईंच्या जिभेवर ते चाळीस वर्षांचं वाक्य आलं. तोंड उघडलंही. मग त्या म्हणाल्या, "जरा थांबा हं," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून हिरव्या मशीनसमोर बसल्या. डोळे मिटले आणि दोरा ओवला. हात सवयीनं गेला: कडी, चकत्या, सुई. डोळे उघडून बघितलं. दोरा उजवीकडून डावीकडे गेला होता. पानावर लिहिलं होतं डावीकडून उजवीकडे.

फोटो काढताना उजेड खिडकीचा, म्हणून ताई मशीनच्या मागे उभ्या होत्या. बाईंनी लिहिलं ते फोटोकडे बघून. मागून बघितलं की डावं ते उजवं. हाताला चाळीस वर्षं बरोबर ठाऊक होतं, आणि लिहिताना बाईंनी हाताला विचारलंच नव्हतं.

"ऐका," त्या फोनवर म्हणाल्या, "शेवटच्या पायरीत माझी चूक आहे. सुईत दोरा उजवीकडून घाला."

"माझं चुकत नव्हतं तर?"

"नाही. तुमचं काही चुकत नव्हतं." हे वाक्य उच्चारायला किती सोपं आहे याचं त्यांना नवल वाटलं.

तो ओवतोय तोवर बाईंनी पान उघडलं, दोन शब्दांची अदलाबदल केली, आणि खाली एक परिच्छेद घातला: 'चौदाव्या पायरीत माझी चूक झाली होती. ज्यांचे टाके सुटले त्यांनी मला माफ करावं. फोटो मागच्या बाजूनं काढलेले आहेत.' परिच्छेद नीट बंद केला. फाइल चढवली.

"चालू करतो हं," पलीकडून आवाज आला. त्यानं फोन मशीनपाशी धरला असावा, कारण एकदम टकटक टकटक सुरू झाली. ताईंनीही कान जवळ आणला. दोघी बहिणी एका रिसीव्हरला डोकं लावून बसल्या. मशीन लांबवर कुठंतरी, न पाहिलेल्या एका खोलीत, पडदा शिवत होतं.

"एकही सुटला नाही," तो माणूस म्हणाला.

"सुटणार नाही आता," बाई म्हणाल्या. "पण मशीन कोरडं आहे, ऐकू येतंय मला. आधी तेल द्या, मग शिवा. तेलाची भोकं नऊ आहेत."

"ती कुठं असतात? पानावर दिसली नाहीत."

"लिहिलेलीच नाहीत," बाई कबूल करत्या झाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, हिरवं मशीन फोनपाशी ओढून घेतलं, तोंड स्वतःकडे, म्हणजे त्याच्यासमोर होतं तसंच, आणि म्हणाल्या, "तुम्ही मशीनच्या पुढे बसलाय ना? बघून सांगा. हं. आता तुमचा उजवा हात."